सव्वासहा पौंडांचा चाप

दिगू, तुझ्या बंदुकीचा चाप सव्वासहा पौंडांचा निघाला.

हे ऐकून तू नक्की हसला असतास. तुला जाऊन सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत मी करायची ती कामं रांगेनं केली. वहिनींचे विम्याचे फॉर्म भरले, तुझी स्टेशन वॅगन त्यांच्या नावावर केली, तुझ्या रेवाच्या शाळेत जाऊन आलो. काम हातात असलं की माझं ठीक चालतं, तुला माहीत आहे. पण गेल्या शनिवारपासून मला एका जागी बसवत नाही. जेवता जेवता उठतो आणि गराजमध्ये जाऊन तो हूकचा वजनकाटा हातात घेऊन उभा राहतो. नलू म्हणाली, "अहो, त्या काट्याला काय विचारताय? पान वाढलंय." मी येऊन बसतो. दोन घास खाऊन पुन्हा उठतो.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या, असा निरोप आला. तुझा जन्म कुठला, शिक्षण कुठलं, नाटकात कोणती कामं केलीस, हे दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या असं मी त्यांना सांगितलं. मला फक्त एक दुरुस्ती छापायची आहे. आमच्या मोजमाप खात्यात नियम आहे की चुकीचा आकडा ज्यांच्यापर्यंत गेला त्या सगळ्यांपर्यंत दुरुस्ती गेली पाहिजे. माझा चुकीचा आकडा तुझ्या जेवणघरात, तीन कुटुंबांसमोर गेला होता. आणि सगळ्यात जास्त लागला तो ज्यांना, त्या मंगल वहिनी साडेतीन वर्षं तुला बेफिकीर समजत राहिल्या.

सुरुवातीपासून लिहितो. मधलं सोडून दिलं की तूच म्हणायचास, "पूर्ण सांग ना बे, इन्स्पेक्टर."

आपण दोघं विमानाचे सुटे भाग करणाऱ्या एकाच कारखान्यात. तू भागांची ड्रॉइंग्ज काढायचास, मी तयार भाग मोजायचो. तू वर्ध्याचा, मी मिरजेचा. इथे सिएटलच्या बाहेर बॉथेलला घरं घेतली तीसुद्धा चार गल्ल्यांच्या अंतरानं. तुझ्या मशीन शॉपमधल्या लोकांनी तुला हरणाच्या शिकारीला नेलं आणि तू परत आलास तो वेगळाच माणूस होऊन. मंडळात कुजबुज झाली. कुणीतरी नलूला विचारलं, "ते खरंच मारतात का हो?" मी शाकाहारी, बंदूक कधी हातात धरली नाही. तरी तुझ्याबरोबर यायला लागलो, कारण तू बंदुकीचं जे काही बोलायचास त्यात आकडे असायचे आणि तू ते सगळे ठोकून द्यायचास.

"शंभर यार्डांवर एका इंचात पाच गोळ्या बसतात."

"कुणी मोजलं?"

"मी पाहिलं ना."

"पाहिलं म्हणजे मोजलं नाही."

त्यातून आपली वही सुरू झाली. हिरवी, कडक पुठ्ठ्याची, कारखान्यातून आणलेल्या नमुन्याची, पानांना आधीच क्रमांक छापलेली. तुला बंदुकीचे कॅटलॉग यायचे आणि दर वर्षी त्यात काहीतरी नवं निघालेलं असायचं. माझं म्हणणं, यातलं निम्मं विकण्यासाठी आहे, नेम धरण्यासाठी नाही. तुझं म्हणणं, वापरल्याशिवाय बोलू नको. तेव्हा मी वहीत तीन रकाने पाडले: कामाचं, नखरा, ठरायचं आहे. शनिवारी सकाळी आपण हायवेच्या पलीकडे त्या जुन्या खडीच्या खाणीत जायचो. तू गोळ्या झाडायचास, मी शंभर यार्ड चालत जाऊन कागदावरची भोकं स्टीलच्या पट्टीनं मोजायचो. थर्मासमधला चहा तोवर गार झालेला असायचा. मी अंतर पावलांनी नाही, टेपनं मोजलं होतं याचं तुला फार हसू यायचं.

त्या शनिवारांइतका आनंद मला या देशात दुसऱ्या कशात मिळाला नाही. हे मी तुला कधी बोललो नाही. आता लिहितो आहे.

पहिला निकाल तुझ्या विरुद्ध लागला. दुर्बिणीसाठी तू उंच कड्या घेतल्या होत्यास, म्हणजे दुर्बीण नळीपासून वर राहते आणि जवळचं जनावर आलं तर खालून नळीवरच्या साध्या माशीनं नेम धरता येतो. ऐकायला झकास. प्रत्यक्षात दुर्बीण इतकी वर गेली की तुझा गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकेना. तू मान उंच करून, कोंबड्यासारखा, बघायचास. गोळ्या चार इंचांत पसरल्या. बुटक्या कड्या लावल्यावर त्याच गोळ्या पावणेदोन इंचांत आल्या. नखरा. तू सही केलीस, पण खाली लिहिलंस, "कोंबडा म्हटल्याबद्दल निषेध."

दुसरा माझ्या विरुद्ध लागला. काळसर राखाडी फायबरग्लासचा दस्ता तू घेतलास तेव्हा मी त्याला प्लास्टिकची बंदूक म्हणालो. तुझ्या जुन्या बंदुकीला अक्रोडाचं सुंदर लाकूड होतं. मग तूच सुचवलंस की दोन्ही बंदुका डेकवर उघड्यावर ठेवू. नळ्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, बोल्ट काढून आत कपाटात ठेवून, चार दिवस त्या इथल्या झिरझिर पावसात उभ्या होत्या. वहिनी शेजारणीला सांगत होत्या म्हणे, "माझ्या घरात दोन सवती आहेत, आणि दोघींना बाहेर काढलंय." शनिवारी मोजलं. लाकूड फुगलं होतं आणि गोळ्या पावणेतीन इंच उजवीकडे सरकल्या होत्या. फायबरग्लासच्या जागच्या जागी. कामाचं. मी सही केली. तू नुसता परतीच्या वाटेवर गाडीत शिट्टी वाजवत राहिलास. ते जास्त लागलं.

खांद्याला दणका कमी बसावा म्हणून रबरी गादी, कामाची. कातडी पट्टा, सगळ्यात साधा आणि सगळ्यात कामाचा, असं तूच म्हणालास. नळीच्या तोंडाला भोकं पाडून दणका कमी करतात ती युक्ती, दणका खरंच कमी करते पण आवाजानं माझे कान सोमवारपर्यंत वाजत होते. तिच्यापुढे "नखरा (बहिऱ्यांसाठी कामाचं)" असं तुझ्या अक्षरात आहे. तीनपासून नऊपटीपर्यंत फिरणारी दुर्बीण अजून तिसऱ्या रकान्यात आहे. तू म्हणायचास, लांबच्या डोंगरासाठी नऊ पाहिजे. मी म्हणायचो, झाडीत जनावर अचानक समोर आलं आणि दुर्बीण नऊवर राहिली असली तर तुला हरीण दिसणार नाही, नुसतं तपकिरी दिसेल. तू म्हणायचास, "मग तीनवर ठेवून चालायचं ना. बटण माझ्याच हातात आहे." हा वाद राहिला.

आणि मग चाप.

नव्या बंदुकीचा चाप सोनेरी मुलाम्याचा होता. तो मुलामा नखरा, यावर आपलं दोघांचं एकमत होतं. वहिनी म्हणाल्या, "मला पाटल्या करतो म्हणाला होता, तिला आधी केलं." पण त्याच चापात एक कामाची गोष्ट होती. आतल्या स्क्रूनं त्याचा ताण कमीजास्त करता येत होता. चाप किती जोर लावल्यावर सुटतो ते पौंडांत मोजतात. फार हलका असला तर बोट लागताच गोळी सुटेल. फार जड असला तर ओढता ओढता बंदूकच हलते. तू तो गनस्मिथकडून, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून, चार पौंडांवर लावून आणलास. त्यानं पिवळ्या चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: चार.

तो सप्टेंबरमधला रविवार. वहिनी आणि रेवा भारतात जायच्या होत्या आणि मी बॅगा मोजायला आमचा वजनकाटा घेऊन आलो होतो. तो हूकचा काटा मी मिरजेहून आणलेला, किलो आणि पौंड दोन्ही आकड्यांचा, आपल्या सगळ्या ओळखीच्या घरांत दर भारतवारीला फिरलेला. त्यावर मोजलेली बॅग विमानतळावर कधी परत उघडावी लागली नाही. त्या दिवशीही प्रत्येक बॅग बरोबर निघाली. जेवणं झाली होती, तुमच्या टेबलाभोवती तीन कुटुंबं बसली होती, आणि मला वाटलं, चाप मोजू.

तू बोल्ट उघडून तीनदा पाहिलंस, मलाही पाहायला लावलंस, आत काही नाही. मी चापाला हूक लावला आणि हळूहळू ओढला. टक् झालं तेव्हा काटा दोनवर होता. पुन्हा ओढला. दोन. पाच वेळा ओढला. पाचही वेळा दोन, फार तर सव्वादोन.

"चार आहे," तू म्हणालास. "चिठ्ठी आहे माझ्याकडे."

"चिठ्ठीत काय, तो नुसतं लिहितो. काटा दाखवतो."

"तुझा काटा बॅगांचा आहे बे."

"मोजमाप ते मोजमाप."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात वाट्या पुसत उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "भाऊजी, दोन पौंड म्हणजे काय होतं?"

आणि मी, जो पावणेदोन इंचांना दोन म्हणत नाही, मी म्हणालो, "वहिनी, दोन पौंड म्हणजे याला शिंक आली तरी सुटेल."

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. रेवा तेव्हा अकरा वर्षांची होती, सोफ्यावर उलटी पडून पुस्तक वाचत होती. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. "घरात पोर आहे, दिगंबर," एवढंच म्हणाल्या. त्या तुला पूर्ण नावानं हाक मारताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तू वाद घातला नाहीस. स्क्रूड्रायव्हर आणलास, दस्ता काढलास आणि सगळ्यांसमोर तो स्क्रू आवळत गेलास, मी काटा धरून ओढत गेलो, काटा चारावर येईपर्यंत. तू म्हणालास, "आता झालं समाधान?" स्क्रू सैल होऊ नये म्हणून त्यावर लाखेचा थेंब टाकतात, पण लाख घरात नव्हती. वहिनी आत गेल्या आणि नेलपॉलिशची बाटली घेऊन आल्या. लाल. त्यांनी स्वतः त्या स्क्रूच्या डोक्यावर ब्रश टेकवला. "हे मोडायचं नाही," म्हणाल्या. तू म्हणालास, "नाही मोडणार." मी वहीत लिहिलं: चाप, चार पौंड, तपासला. सही.

त्यानंतर खाणीत तू मला तीनदा म्हणालास, "जड लागून राहिला बे." तीनदा, मी मोजून सांगतो. तीनही वेळा मी म्हणालो, "सवय होईल. चार म्हणजे चार."

आणि ऑक्टोबर. कॅस्केड्सचे डोंगर ओलांडून पूर्वेला, त्या कोरड्या टेकड्यांमध्ये आपला तंबू. मी खिचडी लावून दुर्बिणीतून तुला बघत होतो. तू उतारावर बसला होतास, गुडघ्यावर हात टेकवून, जसा नेहमी बसायचास तसा. एकशेवीस यार्डांवर हरीण आडवं उभं होतं. त्याच्यापेक्षा लांबचे कागद तू डोळे मिटून फोडले असतेस. बार झाला आणि हरीण मागचा पाय ओढत झाडीत गेलं.

पावणेनऊपासून दीडपर्यंत आपण त्याच्या मागावर होतो. तू पुढे, मी मागे, जिथे रक्त दिसेल तिथे कागदाचा रुमाल खोचत. शेवटी ते सापडलं, तू ते संपवलंस, आणि मग तिथेच दगडावर बसलास. मी वही काढली, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "लिही. माझाच हात हलला."

मी लिहिलं. कारण: हात हलला.

पुढच्या तिन्ही वर्षी तू आलास, चाललास, संध्याकाळी परत येऊन बूट काढत म्हणालास, "नाही दिसलं." मी लिहायचो, संधी: शून्य. पण दुसऱ्या वर्षी मी तुला पाहिलं, दिगू. तुझ्यासमोर ऐंशी यार्डांवर मोठा नर उभा होता. तू बंदूक उचललीस, गाल टेकवलास, बराच वेळ तसाच राहिलास आणि खाली घेतलीस. हरीण चालत निघून गेलं. मी तुला विचारलं नाही. आणि माझ्या डोळ्यांनी पाहूनही वहीत शून्यच लिहिलं, कारण तू शून्य म्हणालास. असा खोटा आकडा मी आयुष्यात दुसरा लिहिलेला नाही.

फेब्रुवारीत तू ड्रॉइंग बोर्डाशी उभ्या उभ्या गेलास. कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला मी एक बेअरिंग मोजत होतो.

मागच्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ती बंदूक घरात नको. घेऊन जा आणि विका." मग म्हणाल्या, "त्याचा कशात भरवसा नव्हता हो. तुम्ही मोजलंत म्हणून कळलं, नाहीतर कोणाचा जीव गेला असता." हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. साध्या सुरात म्हणाल्या, जशा तुझ्या उंचीबद्दल बोलत असाव्यात.

शनिवारी मी बंदूक त्याच गनस्मिथकडे नेली. म्हातारा आता जाड चष्मा लावतो. विकण्याआधी त्यानं सगळं तपासलं. बोल्ट उघडला, नळीतून उजेडाकडे पाहिलं, दस्ता चाचपला, आणि शेवटी चापाला आपला काटा लावला. छोटा, पेनाएवढा, फक्त चापासाठी केलेला. एकदा ओढला, भुवया वर केल्या, पुन्हा ओढला.

"सव्वासहा," तो म्हणाला. "हे कोणी करून ठेवलं?"

मी म्हणालो, चार आहे, आम्ही मोजलं आहे. त्यानं काटा माझ्या हातात दिला. मी पाच वेळा ओढला. सव्वासहा. त्यानं एका खोक्यातून वजनं काढली, एक, दोन, चार, आठ पौंडांची, आणि आपला काटा माझ्यासमोर तपासून दाखवला. मग त्यानं दस्ता काढला आणि स्क्रूवर भिंग धरलं. "कुणाच्या बायकोचं पॉलिश आहे का हे? चांगलं लावलंय. तडा नाही. लावल्यापासून कुणी हात लावलेला नाही." मग तो म्हणाला, "सव्वासहाला चांगला माणूससुद्धा बंदूक हलवतो. हिचा मालक हिनं शिकार करत होता?"

मी बंदूक त्याच्याकडे ठेवून आलो आणि गाडीत बसून राहिलो. मग घरी येऊन गराजमध्ये आमच्या काट्याला साखरेची पाच पौंडांची नवी पिशवी अडकवली. हळू सोडली. काटा पावणेतीनवर थांबला. हलवली, झटका दिला, तेव्हा कुठे साडेचारावर गेला. आत स्प्रिंगवर गंज आहे. पहिले दोनेक पौंड ती अडकून बसते. बॅग मात्र उचलतानाच हिसका बसतो, चाळीस पौंडांचं वजन तिला मोकळी करतं. म्हणून बॅगा बरोबर निघत होत्या.

मी हा काटा चाळीस पौंडांना तपासला होता. चार पौंडांना कधीच नाही. ज्या वजनाला वापरायचं त्या वजनाला तपासायचं, हे मी नव्या पोरांना नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतो. तुझा चाप चारच होता, दिगू. चिठ्ठी खरी होती. तुझं बोट खरं होतं. मीच तो सव्वासहा केला आणि वहिनींनी माझ्या शब्दावर त्याला कुलूप घातलं.

मग दोन दिवस मी वहिनींकडे गेलो नाही. तुझ्यावरचा डाग निघेल, पण त्याचं ओझं कोणावर पडेल? त्यांनीच तर पॉलिश लावलं होतं. जे हरीण पाय ओढत गेलं ते त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, तूही नाही. गप्प बसलो असतो तर त्यांना काही कळलं नसतं. त्यांनी उरलेलं आयुष्य तुला थोडं कमी मानलं असतं, इतकंच. हे "इतकंच" मला गिळता येईना. नलू म्हणाली, "तुमचं ओझं उतरवायला जात असाल तर जाऊ नका. त्यांचा माणूस त्यांना परत द्यायला जात असाल तर आत्ता जा." मी काटा, वही आणि साखरेची पिशवी घेऊन निघालो.

वहिनी टेबलाशी आभाराची पत्रं लिहीत होत्या. रेवा गृहपाठ करत होती. मी कारखान्यात अहवाल देतो तसं सांगितलं, आधी चूक, मग कारण, मग परिणाम. हरणाचंही सांगितलं. तू बंदूक उचलून खाली घेतलीस तेही. पिशवी काट्याला अडकवून दाखवली. वहिनींनी काटा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः अडकवली. पावणेतीन. मग डब्यातून तूरडाळीची चार पौंडांची पिशवी आणली. तीही. बरोबर दोन.

"म्हणजे तेव्हा चारच होता," त्या म्हणाल्या.

"चारच होता."

"आणि नंतर त्यानं स्क्रूला हात नाही लावला?"

"नाही. तुमचं पॉलिश जसंच्या तसं आहे."

त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "दर वर्षी निघताना मी त्याला म्हणायचे, सांभाळून रे, तुझा भरवसा नाही. तो म्हणायचा, हो ना, काय करू, आहेच मी तसा."

रेवा वर न बघता म्हणाली, "मॉम, ही वॉज टीझिंग यू."

"चूप बस," वहिनी म्हणाल्या, पण त्यांचा हात तिच्या केसांवर गेला.

मी म्हणालो, "वहिनी, तुमची यात चूक नाही. तुम्ही आकड्यावर विश्वास ठेवलात. आकडा माझा होता."

"भाऊजी, ते मला कळतंय. मला लहान समजू नका." मग त्यांनी हात पुढे केला. "ती वही बघू."

त्यांनी ते पान शोधलं. बोटानं ओळ धरून वाचलं. कारण: हात हलला. तिथे त्यांचं बोट थांबलं.

"हे बदला," त्या म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर."

आमच्या खात्यात चुकलेली नोंद खोडत नाहीत, पांढरी शाई लावत नाहीत. एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खालचं चुकलेलं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर नोंद, तारीख, सही, आणि एका साक्षीदाराची सही. मी "चार पौंड, तपासला" यावर रेघ मारली. "हात हलला" यावर मारली. शेजारी लिहिलं: काटा चुकला. मग पान उलटून "संधी: शून्य" यावर मारली आणि लिहिलं: एक. झाडली नाही. माझी सही केली. वहिनींनी पेन घेतलं आणि तिन्ही ठिकाणी पूर्ण नाव लिहिलं, तुझ्या नावासकट.

मी विचारलं, हे मंडळाच्या अंकात लिहू का. त्या म्हणाल्या, "लिहा. शिंक तेव्हा सगळ्यांनी ऐकली होती."

दारापर्यंत आल्यावर म्हणाल्या, "बंदूक विकायचीच आहे. पण आधी चारावर आणा. मग इथे घेऊन या, मी लावते."

मी पाहिलं, साखरेच्या पिशवीशेजारी त्यांनी ती लाल बाटली काढून ठेवली होती.

दुर्बिणीचा वाद तसाच राहिला आहे, दिगू. तिसऱ्या रकान्यात राहू दे. त्या ओळीवर एकट्यानं सही करायचा मला अधिकार नाही. शनिवारी म्हातारा चाप चारावर आणेल. त्याच्याकडची वजनं, त्याचा काटा. मी नुसतं शेजारी उभं राहून तो सांगेल ते लिहून घेणार आहे.